शेळ्या नव्हे, इमल्शन फुटकं होतं

सशाच्या आयजीजीविरुद्धची (आयजीजी म्हणजे रक्तातलं अँटिबॉडी-प्रथिन) अँटिबॉडी आम्ही शेळ्यांमध्ये बनवतो (नैतिकता समितीच्या मंजुरीनेच). मागच्या खेपेला दोन उस्मानाबादी शेळ्यांना दोन-दोन बूस्टर देऊनही एलायझात (अँटिबॉडी मोजायची चाचणी) टायटर, म्हणजे अँटिबॉडीचं प्रमाण, जेमतेम. आधी संशय अँटिजेनवर (म्हणजे टोचलेल्या आयजीजीवर), मग शेळ्यांवर. बिचाऱ्या!

घोळ माझाच होता. फ्रॉइंडचं अ‍ॅडज्युव्हंट (प्रतिकार वाढवायला अँटिजेनसोबत देतात ते) म्हणजे तेल. अँटिजेनच्या द्रावणाचे बारीक थेंब त्यात अडकून राहिले (हेच इमल्शन) तरच ते कातडीखाली हळूहळू सुटतं. मी व्हॉर्टेक्सवर (कुपी गरगर हलवणारं यंत्र) पाच मिनिटं फिरवायचो, दुधासारखं पांढरं दिसलं की खूश. एकदा कुपी टेबलावरच विसरलो. अर्ध्या तासाने बघतो तर खाली पाणी, वर तेल.

आता दोन काचेच्या सिरिंज थ्री-वे कॉकने (तीन तोंडांची तोटी) जोडतो, अँटिजेन आणि तेल समप्रमाणात घेतो आणि मधूनमधून बर्फावर ठेवत इकडून तिकडे ढकलत राहतो. अंगठा दुखायला लागला की समजायचं, जमतंय. मग गार पाण्याच्या वाटीत एक थेंब सोडायचा. गोळीसारखा राहिला तर पास, पसरला तर पुन्हा सुरू. अँटिजेनमध्ये डिटर्जंट उरला असेल तर कितीही ढकला, इमल्शन बसत नाही. आधी डायलिसिस करून (पडद्याच्या पिशवीतून तो बाहेर काढून) घ्या.

पूर्ण फ्रॉइंड फक्त पहिल्या टोचणीला. त्यात मारलेले मायकोबॅक्टेरिया असतात, पुन्हा दिलं तर गळवं धरतात. बूस्टर अपूर्ण (मायकोबॅक्टेरिया नसलेल्या) फ्रॉइंडमध्ये, चार आठवड्यांनी. सुई लुअर-लॉकचीच (फिरवून घट्ट बसणारी) घ्या. दाबाने निसटली की तेल थेट चष्म्यावर येतं.