हरवलेली स्मृती : आठवण करून देण्याच्या घाईत या चुका टाळा

माणूस अचानक स्वतःचं नाव सांगू शकत नाही, घरच्यांकडे परक्यासारखा बघतो, गेले काही दिवस कुठे होतो याचा त्याला पत्ता नसतो. मग जो तो समोर येऊन विचारतो, "मी कोण? ओळख बरं." जुने फोटो निघतात, फोनवरचे व्हिडिओ दाखवले जातात, कोणी खांदे धरून हलवतं. हे सगळं मायेपोटीच होतं. पण डिसोसिएटिव्ह अ‍ॅम्नेशियात, म्हणजे जबर मानसिक आघातामुळे किंवा असह्य ताणामुळे येणाऱ्या विस्मृतीत, या सरबत्तीने माणूस आणखी बावचळतो. आधी त्याला सुरक्षित वाटलं पाहिजे. आठवणींचं काम त्यानंतरचं.

अर्थात ही विस्मृती मनाचीच आहे हे ठरवायचं कोणी?

"टेन्शनमुळे झालं असेल" म्हणून घरीच थांबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डोक्याला मार, मेंदूतला रक्तस्राव, पक्षाघात, अपस्मार, मेंदूचा संसर्ग, रक्तातली साखर एकदम उतरणं, या सगळ्यांत स्मृती जाऊ शकते. वयस्कर माणसाच्या डोक्याला लागलेल्या साध्या माराचा परिणाम कधी कधी काही आठवड्यांनी दिसतो, तोवर पडल्याचं सगळे विसरून गेलेले असतात. दीर्घकाळच्या दारूमुळे होणारी थायमिनची (बी-1 जीवनसत्त्वाची) कमतरता आणि झोपेच्या काही गोळ्या यांचाही स्मृतीवर घाव बसतो. म्हणून अचानक आलेली विस्मृती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. सोबत बोलणं अडखळत असेल, तोंड वाकडं झालं असेल, हातापायातली ताकद गेली असेल, ताप, झटके किंवा गुंगी असेल तर थेट इमर्जन्सीत.

एक चित्र नीट ओळखून ठेवण्यासारखं आहे. पन्नाशी ओलांडलेली बाई विचारते, "मी इथे कशी आले?" तुम्ही सांगता. ती मान डोलावते. दोन मिनिटांनी पुन्हा त्याच सुरात, "मी इथे कशी आले?" स्वतःचं नाव तिला ठाऊक असतं, नवऱ्याला ती ओळखते, फक्त नवीन काही मनात टिकत नाही. हा ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशिया, म्हणजे थोड्या वेळापुरती आलेली विस्मृती, असू शकतो. तो बहुधा चोवीस तासांच्या आत ओसरतो, पण तपासणीशिवाय तसं गृहीत धरू नये.

डिसोसिएटिव्ह अ‍ॅम्नेशियात बहुतेकदा उलटं दिसतं. आज सकाळी काय झालं ते नीट सांगता येतं, पण स्वतःच्या आयुष्यातला एखादा काळ, एखादी घटना, क्वचित स्वतःची ओळखच गायब असते. मेंदूच्या इजेत स्वतःचं नाव सहसा टिकून राहतं. 1953 मध्ये हेन्री मोलायसन या रुग्णाच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा शस्त्रक्रियेने काढला गेला. त्यानंतर 2008 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याला नव्या घटना लक्षात ठेवता आल्या नाहीत, तरी आपण कोण हे तो विसरला नव्हता. अर्थात हा फरक म्हणजे केवळ खूण. निदान डॉक्टरांचं.

नाटक समजणं

"बरोबर नको तेवढंच विसरतो" हा टोमणा या रुग्णांच्या वाट्याला हमखास येतो. 1887 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधला अ‍ॅन्सेल बोर्न नावाचा धर्मोपदेशक बँकेतून पैसे काढून नाहीसा झाला. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिस्टाउनमध्ये त्याने ए. जे. ब्राउन या नावाने छोटं दुकान थाटलं. सुमारे दोन महिन्यांनी एका सकाळी तो घाबरून जागा झाला आणि आपण कुठे आहोत हेच त्याला कळेना. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी पुढे त्याला तपासलं आणि ते ढोंग मानलं नाही. अशा भटकण्याला फ्यूग म्हणतात. 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेपासून तो डिसोसिएटिव्ह अ‍ॅम्नेशियाचाच एक प्रकार धरला जातो. सोंग करणारे असतातही, पण ते पारखणं प्रशिक्षित माणसाचं काम आहे. घरच्यांनी उलटतपासणी घेऊन काहीच हाती लागत नाही, उरलासुरला विश्वास मात्र जातो.

वेड लागतंय असं समजणं

"मी काचेपलीकडून जग बघतोय, माझा आवाज दुसऱ्याचाच वाटतो." डीपर्सनलायझेशनमध्ये, म्हणजे स्वतःपासून तुटल्यासारखं वाटण्याच्या याच जातीच्या त्रासात, माणूस असं बोलतो, आणि 'असं वाटतं' म्हणतो. ते खरं नाही हे त्याला कळत असतं. त्यामुळे याला स्किझोफ्रेनिया म्हणून मोकळं होऊ नये. दर थोड्या वेळाने "आता खरं वाटतंय का?" असं स्वतःला तपासत राहिल्याने त्रास वाढतो. त्यापेक्षा पाय जमिनीवर दाबा, गार पाण्यात हात धरा, आसपासच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या. गांजा सुरू असेल तर बंद करा, तो हा अनुभव भडकवू शकतो.

आठवणी खणून काढणं

संमोहन करून सगळं बाहेर काढून देतो, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर सावध व्हा. स्मृती म्हणजे जसंच्या तसं जपलेलं रेकॉर्डिंग नव्हे, दर आठवणीला ती नव्याने रचली जाते. 1995 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 24 जणांना लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची खोटी हकीकत त्यांच्या खऱ्या आठवणींत मिसळून दिली. साधारण चौथ्या हिश्श्याला ती घटना पूर्ण किंवा अंशतः 'आठवली'. म्हणून "त्याने तुला काही केलं होतं ना?" असं विचारू नका. "तुला काय आठवतंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका. मात्र याचा अर्थ उशिरा आलेली प्रत्येक आठवण खोटी, असा मुळीच नाही. बालपणीचे अत्याचार खरे असतात, आणि त्याबद्दल वर्षानुवर्षं गप्प राहिलेली माणसंही खरी असतात.

गोळीवर सगळी भिस्त ठेवणं

हरवलेल्या आठवणी परत आणणारं औषध नाही. औषधं दिली जातात ती सोबतच्या नैराश्यासाठी, चिंतेसाठी. मुख्य उपचार मानसोपचाराचा, आणि तोही टप्प्याटप्प्याने : आधी स्थैर्य, मग आघाताला सामोरं जाणं. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

आठवलं की सुटलो, असं मानणं

स्मृती कधी हळूहळू येते, कधी एका झटक्यात. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात आणि त्या माणसाचं मन ज्यापासून पळत होतं, ते सगळं त्याच्यावर एकदम कोसळतं. या काळात आत्महत्येचा धोका वाढतो. त्याला एकटं ठेवू नका, गोळ्या आणि धारदार वस्तू हाताशी ठेवू नका, मरणाची भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि मारहाण किंवा छळ घरातच घडलेला असू शकतो. म्हणून रुग्णाला घरी पाठवण्याआधी डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याने बोलायला हवं. तेवढा वेळ नातेवाइकांनी, अगदी नवरा-बायको किंवा आईवडिलांनीही, खोलीबाहेर थांबावं.