परदेशातलं एक सत्र: शुभारंभापासून उलटं मोजा

नाट्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला मी एका सत्रासाठी बर्लिनला गेले होते. आता मी रंगमंच व्यवस्थापन करते. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी परदेशी शिकायला जाण्याबद्दल विचारायला येतात. त्यांच्या हातातल्या फाईलमध्ये शाळांची नावं असतात, फीचे तक्ते असतात, कधी एखाद्या देखण्या नाट्यगृहाचा फोटो असतो. तारखा मात्र नसतात. म्हणून मी आधी कोरा कागद पुढे ठेवते आणि पुढच्या १८ महिन्यांचं कॅलेंडर आखायला लावते.

तालमींचं वेळापत्रक आपण कसं लावतो? शुभारंभाच्या प्रयोगापासून मागे मोजत. रंगीत तालीम कधी, त्याआधी दिवे कधी लागणार, त्याआधी नेपथ्य कधी उभं राहणार. परदेशातल्या सत्राचंही तसंच करायचं. तुमचा शुभारंभ म्हणजे तुम्ही परत येऊन आपल्या विभागात पुन्हा तालमीला उभे राहाल तो दिवस. तो आधी लिहा.

हे मी माझं नुकसान करून घेऊन शिकले. जर्मनीत हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च असं धरतात आणि वर्ग साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. माझ्या विद्यापीठाचं पुढचं सत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झालं. मी परतले तेव्हा वर्षअखेरच्या नाटकाची माणसं ठरलेली होती आणि वाचनं संपली होती. शिवाय वाचिक अभिनयाचा दुसरा टप्पा वर्षातून एकदाच शिकवला जायचा. तो बुडाल्यामुळे त्यावर आधारलेला पुढचा विषयही मला वर्षभर घेता आला नाही. ब्रिटिश विद्यापीठांचं पहिलं सत्र सहसा सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरच्या मध्याला संपतं, म्हणजे तिथे ही टक्कर टळली असती. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवायला मला दहा मिनिटं लागली असती.

तेव्हा विभागप्रमुखांकडे जाताना ‘मी जाऊ का?’ असं विचारू नका. कोणता विषय कोणत्या सत्रात एकदाच असतो, निर्मितीसाठी पात्रनिवड कोणत्या महिन्यात होते आणि मी नसताना चित्रफितीवरून ऑडिशन देता येईल का, हे तीन प्रश्न कागदावर घेऊन जा. जाण्याच्या किमान एक वर्ष आधी. विनिमय कार्यक्रमात तुमचं नाव आधी तुमच्याच विद्यापीठाकडून पुढे जावं लागतं, आणि ती मुदत परदेशी शाळेच्या मुदतीपेक्षा बरीच आधी संपते.

रंगभूमीचा हंगाम

इतर विषयांच्या विद्यार्थ्यांना ही चिंता नसते. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा जुलैतही उघडी असते. जर्मनीतली बहुतेक सार्वजनिक नाट्यगृहं मात्र उन्हाळ्यात साधारण सहा आठवडे बंद असतात. नट रजेवर, तंत्रज्ञ रजेवर. उन्हाळी अभ्यासक्रम स्वस्त मिळाला म्हणून बर्लिनला जाऊन महिनाभर बंद दारं पाहिलेला विद्यार्थी मला माहीत आहे. तो पुढे ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या पैशांनी पुन्हा गेला.

उन्हाळ्यातच जमणार असेल तर उन्हाळ्यात जागी असलेली ठिकाणं निवडा: जुलैमध्ये फ्रान्समधलं आव्हिन्यों, ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधलं एडिनबरा. दोन्ही महोत्सव १९४७ मध्ये सुरू झाले. एडिनबराच्या फ्रिंजमध्ये, म्हणजे मुख्य महोत्सवाच्या जोडीने भरणाऱ्या खुल्या महोत्सवात, एका दिवसात चार-पाच प्रयोग पाहता येतात, आणि दोन प्रयोगांमधल्या काही मिनिटांत अख्खं नेपथ्य कसं उतरवतात आणि चढवतात हे बघणं म्हणजेच एक अभ्यासक्रम आहे. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना करणाऱ्यांनी प्राग क्वाड्रेनियल या नेपथ्यकलेच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाची तारीख नोंदवून ठेवावी. १९६७ पासून ते दर चार वर्षांनी भरतं. मागचं २०२३ च्या जूनमध्ये झालं, म्हणजे पुढची पाळी २०२७ ची.

शहर निवडताना तिथली निर्मितीची पद्धतही बघा. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये एक नाटक लागलं की तेच रोज, महिनोन्‌महिने. जर्मन नाट्यगृहांत पगारी नटसंच असतो आणि आज एक, उद्या दुसरं नाटक. सकाळी एक नेपथ्य उतरतं, संध्याकाळपर्यंत दुसरं उभं राहतं. एकच नट आठवड्यात तीन वेगळ्या भूमिकांत दिसतो. मला हे बघायचं होतं म्हणून बर्लिन. शिफबाउअरडामवरच्या ज्या इमारतीत १९५४ पासून बर्लिनर आँसाम्ब्ल ही नाट्यसंस्था आहे, तिथे मी एकच नाटक दोन महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी एक प्रमुख नट विरामांच्या जागा बदलून बोलत होता आणि बाकीचे त्याच्याबरोबर हलले होते. नटसंच म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं.

काय शिकायचं ते ठरवा

‘अभिनय’ हे उत्तर पुरेसं नाही. तुमच्या शेवटच्या तीन भूमिकांवर शिक्षकांनी काय म्हटलं ते आठवा. शरीर मागे राहतं? मग जाक लकॉक यांनी १९५६ मध्ये पॅरिसमध्ये काढलेली शाळा बघा. तिथे पहिल्याच वर्षी तटस्थ, म्हणजे कोणताही भाव नसलेला, मुखवटा चढवून काम करावं लागतं. पण तो दोन वर्षांचा मार्ग आहे आणि दुसऱ्या वर्षात निवडक विद्यार्थ्यांनाच घेतात, त्यामुळे एका सत्राची योजना त्यात बसवू नका. पाय जमिनीत रुजत नाहीत असं वाटत असेल तर जपानमधल्या तोगा गावाची माहिती काढा. दिग्दर्शक तादाशी सुझुकी यांनी १९७६ मध्ये आपली मंडळी तोक्योतून तिथे नेली आणि त्यांचं प्रशिक्षण पावलांपासूनच सुरू होतं. छंदोबद्ध संवाद बोलताना श्वास तुटत असेल तर लंडन.

विद्यापीठाचा नाट्यविभाग आणि नाट्यशाळा यांतला फरकही लक्षात घ्या. विभागात वाचन, निबंध, चर्चा आणि सोबत स्टुडिओ असतो. नाट्यशाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगमेहनत. पहिल्या ठिकाणी श्रेयांक (क्रेडिट) सहज हस्तांतरित होतात, दुसऱ्या ठिकाणी त्यासाठी झगडावं लागतं, कारण ‘हालचाल – १’ एवढंच नाव वाचून तुमच्या परीक्षा विभागाला काहीच कळत नाही. माझा सल्ला: निघण्याआधी प्रत्येक वर्गाचे एकूण तास, शिक्षकाची पात्रता आणि मूल्यमापनाची पद्धत शाळेकडून लेखी मागवा. युरोपीय पद्धतीत एका वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यामुळे तासांचा आकडा हातात असला की हिशेब मांडता येतो. इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या विनिमय योजनेतून जाणार असाल तर यजमान संस्थेची फी भरावी लागत नाही आणि शिक्षणासाठीचा मुक्काम २ ते १२ महिन्यांचा असतो. तुमच्या विद्यापीठाचा तसा करार आहे का, एवढं आधी विचारा.

भाषेची भीती मी थोडी कमी करते. बर्लिनच्या शाउब्यूने या नाट्यगृहात ठरावीक प्रयोगांना इंग्रजी उपशीर्षकं असतात. पण तालमीच्या खोलीत उपशीर्षकं नसतात. दिग्दर्शकाच्या सूचना कळण्याइतकी भाषा हवीच: उजवीकडे, मागे, थांब, पुन्हा, हळू, आवाज वाढव. मी ही सुमारे दोनशे शब्दांची यादी तीन महिने घोकली आणि पहिल्या दिवसापासून ती कामी आली. तिथे प्रयोग चालवणाऱ्याला इन्स्पिझिएंट म्हणतात. तो विंगेतल्या टेबलावरून सगळे क्यू, म्हणजे दिवे, आवाज, प्रवेश यांचे इशारे, देतो. महिनाभर त्याच्या मागे स्टूल टाकून बसायची परवानगी मला मिळाली, ती या दोनशे शब्दांमुळे.

चित्रफीत आणि पोर्टफोलिओ

अर्जासोबतच्या चित्रफितीत दोन स्वगतं, एकमेकांपासून शक्य तितकी वेगळी. दिलेल्या वेळेपेक्षा दहा सेकंद आधी संपवा. भिंत साधी, फोन आडवा, डोळे भिंगाच्या थोडे बाजूला. संगीत नको, कापाकापी नको. नेपथ्यकारांनी पूर्ण झालेल्या नेपथ्याचे चकचकीत फोटो कमी आणि कच्ची रेखाटनं, फसलेली मॉडेलं जास्त पाठवावीत. निवड करणाऱ्यांना हात कसा विचार करतो हे बघायचं असतं.

कागद, विमा, दुखापत

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या, देशांत अल्प मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. सत्र त्याहून मोठं असतं, तेव्हा दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा लागतो. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही आणि व्यावसायिक कलाकार म्हणूनही काम करता येत नाही. एखाद्या मित्राच्या नाटकात मानधन घेऊन उभं राहणंही महागात पडू शकतं. आपल्या क्षेत्रात असं बोलावणं हमखास येतं, म्हणून हे ठळक लिहून ठेवा.

विम्याकडे मात्र कुणीच लक्ष देत नाही आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा गुडघा कसरतीच्या तासाला फिरला. तिच्या प्रवास विम्यात कसरती आणि मंचीय द्वंद्व वगळलेलं होतं. खर्च तिच्या अंगावर आला आणि उरलेलं सत्र तिने भिंतीला टेकून पाहिलं. विमा घेण्याआधी ‘शिक्षणाचा भाग म्हणून केलेली कसरत आणि तलवारबाजी यांत येते का?’ असं लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. सोबतच्या फिजिओथेरपीचंही विचारा.

बजेटमध्ये तिकिटांचा वेगळा रकाना ठेवा, आठवड्याला दोन प्रयोग धरून. विद्यार्थ्यांसाठीची उरलेली तिकिटं अनेक नाट्यगृहं प्रयोगाच्या दिवशी देतात. लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात मंचासमोरच्या मोकळ्या अंगणात उभं राहून बघता येतं. पाऊस आला तर भिजायचं, पण नटाचा श्वास ऐकू येतो. खोली शोधताना रात्रीचा प्रयोग सुटल्यावर परतीची गाडी असते का तेही बघा.

शेवटी वही. प्रत्येक व्यायाम त्याच रात्री लिहा आणि नुसतं नाव लिहू नका. कोण कुठे उभं होतं, शिक्षकाने सुरुवात कोणत्या शब्दाने केली, कुठे थांबवलं, तुमच्या शरीरात काय बदललं. परतल्यावर मी विभागात दोन तासांचा वर्ग घेतला, तेव्हा सुरुवातीच्या महिन्यातल्या सात व्यायामांची माझ्याकडे फक्त नावं उरली होती. नोव्हेंबरपासूनचे सगळे आजही मी तालमीआधी वापरते.