परदेशात एटीएममधून पैसे काढताय? या चुका टाळा

लुंबिनी, श्रीलंका, बँकॉकची धम्मयात्रा, उमरा, शारजा-दुबईतली नोकरी, जॉर्जियात डॉक्टरकी शिकणारी पोरं. विदर्भाच्या खेड्यांतून परदेशी जाणारे आता कमी राहिले नाहीत. टूरवाला व्हिसापासून जेवणापर्यंत सगळं समजावून सांगतो, पण कार्डाचा विषय "चालते ना बाप्पा, काही टेन्शन नाही" एवढ्यावरच संपतो. कार्ड चालतं की नाही हा एक प्रश्न. चाललं तर किती कापतं, हा दुसरा.

गावचं कार्ड तसंच घेऊन निघणं

किसान क्रेडिट कार्डावरचं रुपे, जनधनचं रुपे, जिल्हा बँकेचं कार्ड ही बहुतेक भारतापुरतीच असतात. कार्ड उलटसुलट करून बघा. 'व्हॅलिड ओन्ली इन इंडिया' असं छापलेलं असेल तर विषय तिथंच संपला. रुपेचं आंतरराष्ट्रीय कार्ड वेगळं मिळतं, त्याच्या मागं डिस्कव्हर किंवा डायनर्स क्लबचं चिन्ह असतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलं तरी 'भारतापुरतं' ही अट नाही ना, ते तपासाच. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे. जुनं कार्ड असलेल्यांनी निघण्याआधी शाखेत एकदा विचारलेलं बरं.

दुसरी अडचण बटणाची. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या आदेशानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनसाठीच चालू होऊन येतं. परदेशातला वापर आपणच सुरू करायचा असतो. बँकेच्या अॅपमध्ये 'इंटरनॅशनल' चालू केलं, पण त्याखालचं 'एटीएम' बंदच राहिलं, असं फार होतं. दोन्ही चालू करा आणि रोजची मर्यादाही तिथंच ठरवा. अॅप नसेल तर बँकेच्या एटीएमवर किंवा शाखेत हे काम होतं. बँक मित्राच्या छोट्या मशीनच्या भरवशावर राहू नका.

कापणारे हात मोजलेच नाहीत

आपल्याकडे महिन्याला काही व्यवहार फुकट असतात, तसं तिकडेही असेल असं धरून लोक चालतात. ती सवलत परदेशात लागू नाही. तिथं चार ठिकाणी कापलं जातं. मशीन ज्या बँकेचं, तिचं भाडं. आपल्या बँकेचं दर वेळचं ठरावीक शुल्क, बऱ्याच बँकांत 100 ते 150 रुपये. चलन बदलल्याबद्दलचा मार्कअप, बहुतेक ठिकाणी 2 ते 3.5 टक्के. आणि आपल्या बँकेच्या या दोन्ही आकारांवर 18 टक्के जीएसटी.

थायलंडचं उदाहरण घ्या. तिथली एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी भाडं घेतात, ते 220 बाट धरू. हिशेबापुरता 1 बाट 2.70 रुपये धरू, बँकेचं शुल्क 125 रुपये आणि मार्कअप 3.5 टक्के. एकदम 10,000 बाट काढले तर मूळ किंमत 27,000 रुपये, पण खात्यातून जातात सुमारे 28,880. म्हणजे 7 टक्के जास्त. हेच 10,000 बाट "लागतील तसे काढू" म्हणून 2,000-2,000 करून पाच वेळा काढले तर जातात सुमारे 31,945 रुपये. वरचे 4,945 रुपये म्हणजे 18 टक्क्यांहून जास्त. टक्क्यानं लागणारा भाग दोन्हीकडे सारख्याच दरानं आहे. मार बसतो तो 220 बाट आणि 125 रुपये पाच-पाच वेळा भरल्यामुळे.

म्हणून थोडं थोडं काढणं ही सगळ्यात महाग सवय. दोन-तीन दिवसांचा खर्च धरून एकदाच काढा आणि रक्कम दोन ठिकाणी ठेवा. घरून निघण्याआधी बँकेच्या दरपत्रकातला 'आंतरराष्ट्रीय रोख' हा रकाना वाचा. शाखेतल्या तोंडी उत्तरावर विसंबू नका, कारण काउंटरवर हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. शिल्लक तपासण्यालाही परदेशात पैसे पडतात, अनेक बँकांत 25 रुपये आणि वर जीएसटी. खात्यात पुरेसे पैसे नसल्यानं व्यवहार फसला तरी काही बँका दंड लावतात. शिल्लक मोबाइलवरच बघा.

रुपयांचा आकडा बघून 'येस' दाबणं

मशीन रक्कम विचारतं आणि मग एक पान येतं: इतके बाट, त्याचे इतके रुपये, दर अमुक, मान्य आहे का? आपल्या रुपयांत आकडा दिसला की माणसाला बरं वाटतं. पण तो दर मशीनवाल्यानं लावलेला असतो आणि त्यात त्याचा नफा धरलेला असतो. वरच्याच उदाहरणात मशीननं 2.90 चा दर लावला तर भाड्यासह 10,220 बाटांवर 2,044 रुपये जास्तीचे गेले. शिवाय व्यवहार परदेशातलाच असल्यानं आपल्या बँकेचं शुल्क वेगळं लागतंच.

तिथं 'विदाउट कन्व्हर्जन', 'डिक्लाइन कन्व्हर्जन' किंवा 'लोकल करन्सी' हा पर्याय निवडायचा. 'डिक्लाइन' वाचून लोक घाबरतात की व्यवहारच रद्द होईल. तसं होत नाही, फक्त त्यांचा दर नाकारला जातो आणि पैसे मिळतात. एखादं मशीन नाकारल्यावर खरंच व्यवहार थांबवतं, तेव्हा कार्ड काढा आणि दुसऱ्या बँकेचं मशीन गाठा. नेपाळात हे पकडणं सोपं: 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी, हा दर बांधलेला आहे. 16,000 नेपाळीला मशीन 10,000 पेक्षा बरंच जास्त दाखवत असेल तर फरक तोंडी हिशेबात कळतो. दुकानातल्या स्वाइप मशीनवरही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच.

चुकाऱ्याच्या खात्याचं कार्ड

कापसाचे किंवा धानाचे चुकारे, पीकविमा, घरचा सगळा पैसा ज्या खात्यात, त्याच खात्याचं कार्ड खिशात घालून जाऊ नका. वेगळं बचत खातं ठेवा आणि त्यात सहलीपुरते पैसे टाका. मात्र काठोकाठ हिशेब करू नका, काही आकार मागाहून वेगळ्या ओळीत कापले जातात. क्रेडिट कार्डानं रोख काढणं तर टाळाच, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

मशीन अडलं तर

पिन मान्य होत नाही: काही मशीन सहा आकडी पिनसाठी केलेली असतात. आपला चार आकडी पिन टाकून सरळ 'एंटर' दाबा. तीनदा चुकला तर कार्ड सहसा त्या दिवसापुरतं बंद पडतं, म्हणून दोनदा फसलं की थांबा.

खात्याचा प्रकार विचारला तर 'सेव्हिंग्ज' निवडा, नाही जमलं तर 'चेकिंग' किंवा 'करंट'.

पैसे आले, कार्ड नाही: काही मशीन आधी नोटा देतात, मग कार्ड. नोटा मोजत बाजूला झालात की मशीन कार्ड गिळतं. कार्ड हातात आल्याशिवाय मशीनसमोरून हलू नका.

रोमिंग नसेल तर बँकेचा एसएमएस पोहोचत नाही आणि चोरी झालेली कळतही नाही. बँकेचा 1800 चा टोल-फ्री नंबर परदेशातून सहसा लागत नाही. +91 नं सुरू होणारा नंबर कागदावर लिहून कार्डापासून वेगळा ठेवा. चुकीचा व्यवहार दिसला की आधी कार्ड बंद करा, मग तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमानुसार त्रयस्थानं केलेली फसवणूक कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवली तर ग्राहकावर भार येत नाही.

नोटा आल्या नाहीत पण खात्यातून कापले गेले, तर देशातला नियम तिथं आणू नका. पाच दिवसांत पैसे परत, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई, ही तरतूद दोन्ही टोकं भारतात असलेल्या व्यवहारांपुरती आहे. परदेशातल्या व्यवहारासाठी बँकेत वादाचा अर्ज द्यावा लागतो आणि निकालाला काही आठवडे लागू शकतात. मशीनची पावती, मशीनवरचा क्रमांक, बँकेचं नाव, तारीख आणि तिथली वेळ, एवढं जागेवरच मोबाइलमध्ये टिपून घ्या. अर्ज तिथूनच ई-मेलनं पाठवा, आणि तक्रार क्रमांक मिळेपर्यंत शाखेचा पिच्छा सोडू नका.