पॉवर स्टीअरिंगचं ऑइल बदलताना हवा कशी काढावी

आधी बॉनेट उघडून बघा. बेल्टवर फिरणारा पंप आणि त्याला जोडलेला ऑइलचा छोटा डबा दिसत असेल, तरच हा लेख तुमच्या कामाचा. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टीअरिंगला विजेची मोटर मदत करते, तिथे ऑइल नसतंच. जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ, बोलेरो यांत ऑइलवालं स्टीअरिंग असतं.

ऑइल कोणतं, ते डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. तेच घ्या. बऱ्याच गाड्यांत लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना वेगळंच सिंथेटिक लागतं. ‘सगळं सारखंच’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. आणि ब्रेक ऑइल चुकूनही टाकू नका. त्याने आतले रबरी सील फुगतात, मग पंप आणि रॅक (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा खालचा आडवा भाग) दोन्ही गळू लागतात.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात इतवारीच्या गल्लीतून गाडी वळवून काढताना स्टीअरिंग शेवटपर्यंत पिळून धरलं, की ऑइल फार वेगाने तापतं. बाटलीतल्या नव्या ऑइलशी ताडून बघा. लाल ऑइल तपकिरी-काळं झालं असेल, जळका वास येत असेल, तर बदला. किलोमीटर मोजत बसू नका.

त्याआधी गळती शोधा. जास्त दाबाच्या पाइपचं रबर जिथे धातूत घट्ट दाबलेलं असतं, तिथे बोट फिरवा. ओलं लागलं तर पाइप नवाच टाका. लॉकला, म्हणजे स्टीअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत फिरवल्यावर, त्यात ५० बारच्या वर दाब चढतो, वरून क्लिप आवळून तो थांबत नाही. तापलेल्या सायलेन्सरवर हे ऑइल उडालं तर पेटू शकतं. मग रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघा. आत ऑइल असेल तर रॅकचे सील गेले, ते काम रॅकवाल्याकडेच न्या. गळती बंद करणारी बाटली मिळते, ती मी कोणाच्याही गाडीत टाकू देत नाही. ती सील फुगवते आणि खरं काम फक्त पुढे ढकलते.

पुढची चाकं जॅक-स्टँडवर उचला, मागच्या चाकांना गुटके लावा. डब्याकडे परत येणारा कमी दाबाचा पाइप काढून बाटलीत सोडा, डब्याचं ते तोंड बुचाने बंद करा. इंजिन बंदच ठेवून स्टीअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवा, जुनं ऑइल निघून जाईल. पाइप परत लावा, डबा भरा.

आता खरं काम. पहिल्या वेळी एका मिस्त्रीने मला सांगितलं होतं, ‘ऑइल टाका, स्टार्ट करा, हवा आपोआप निघते.’ मी तेच केलं. पंप घोंग घोंग करू लागला, डब्यात गुलाबी फेस चढला आणि ऑइल बाहेर सांडलं. मी तशीच गाडी चालवत राहिलो. तीन आठवड्यांत पंप बदलावा लागला.

कारण साधं आहे. पंपाला वंगण मिळतं ते याच ऑइलचं. इंजिन चालू झालं की पंप हवा घुसळून तिचे बारीक बुडबुडे करतो. ते लवकर वर येत नाहीत, आणि तोवर पंपाच्या आतले भाग एकमेकांवर घासतात. इंजिन बंद असताना मात्र रॅकमधला पिस्टन ऑइलला हळू ढकलतो. हवा मोठ्या बुडबुड्यांनी डब्यात येते आणि निघून जाते.

म्हणून इंजिन बंद, चाकं वर, आणि स्टीअरिंग या लॉकपासून त्या लॉकपर्यंत सावकाश फिरवा. पंधरा-वीस वेळा. एका माणसाला डब्यापाशी उभं करा. पातळी खाली गेली की लगेच भरायची, डबा रिकामा झाला तर पुन्हा पहिल्यापासून. बुडबुडे थांबेपर्यंत फिरवा. हात दुखतात, पण इथे घाई करू नका. नंतर दहा मिनिटं गाडीला हात लावू नका.

मगच स्टार्ट करा. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, पुन्हा सावकाश फिरवा, लॉकला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. फेस दिसला की लगेच इंजिन बंद करा. तासभर थांबा, फेस बसू द्या, मग परत इंजिन बंद ठेवून फिरवण्यापासून सुरुवात करा. फेसाळलेल्या ऑइलवर गाडी चालवून हवा निघते, असं कोणी सांगितलं तर त्याच्या हाती गाडी देऊ नका.

हवा निघाली का, याची माझी खात्रीची परीक्षा अशी: स्टीअरिंग सरळ, इंजिन चालू असताना डब्यावर पातळीची खूण करा. इंजिन बंद करा, पुन्हा बघा. पातळी ५ मिलिमीटरपेक्षा जास्त वर आली, तर आत हवा आहे. पुन्हा फिरवा.

चाकं खाली घ्या, एक चक्कर मारा, आणि पुढचे दोन-तीन दिवस सकाळी गाडी थंड असताना पातळी बघा. जुनं ऑइल नालीत ओतू नका. बाटलीत भरून ते जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.