कोल्हापूर पायी बघताना: गंगावेश ते न्यू पॅलेस

सुरुवात भल्या पहाटे गंगावेशीतून करा. म्हैस तिथंच पिळतात आणि फेसाळलेलं धारोष्ण दूध तुमच्या समोर ग्लासात पडतं. दुपारी गेलात तर कट्टा रिकामा.

तिथून महाद्वार रोडनं बिनखांबी गणेश मंदिर. आत एकही खांब नाही, छताचा भार भिंतींवर. उभं राहून वर बघाच.

अंबाबाईचं दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. बाहेरच्या भिंतीला एकसारखे कोन काढलेत. एका कोनापाशी थांबून सावली सरकताना बघा, कोरीवकाम तेव्हाच उठून दिसतं. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे, म्हणून किरणोत्सव मावळतीला होतो: साधारण ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. किरणं महाद्वारातून गरुड मंडपामार्गे आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. क्षितिजावर ढग किंवा धुरकं असलं, वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, की ती मध्येच अडतात. त्यामुळे एकाच दिवसावर भिस्त ठेवू नका.

भवानी मंडपामागं खासबाग मैदान. लाल मातीचा हौदा खोलगट आहे, म्हणून शेवटच्या रांगेतूनही कुस्ती दिसते.

न्यू पॅलेसला मात्र रिक्षानं जा. मेजर मँट यांचा आराखडा, बांधकाम १८७७ ते १८८४. दगड काळा, त्यामुळे भर उन्हात फोटोत नक्षी हरवते. सकाळचं तिरकं ऊन गाठा.