एजंटला पैसे देण्याआधी: शिप, आयटीआय आणि सदतिसाव्या वर्षीचा बाक

दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्या देवगडच्या बाजूला घराघरात तोच प्रश्न येतो: आयटीआय, डिप्लोमा की शिपवर? फॉर्म कसे भरायचे, दाखले कुठले लागतात हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. जिथे मी आपटलो तेवढंच नीट सांगतो.

२००६ साली मी बावीस वर्षांचा होतो. बाबांनी हापूसची कलमं तीन वर्षांसाठी खंडाने दिली आणि नवी मुंबईतल्या एका एजंटला सव्वादोन लाख रुपये मोजले. त्याने परदेशी सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंद असलेलं पुस्तक, हातात ठेवलं, व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवलं आणि तिथून एका जुन्या छोट्या बोटीवर चढवलं. पासपोर्ट कॅप्टनकडे. पहिले तीन महिने थोडाथोडा पगार मिळाला, मग तोही बंद. अकरा महिन्यांनी घरी आलो तेव्हा आये एवढंच म्हणाली, "पैशे गेले तर जावंदेत, तू घराक इलंस मां." बाबा काहीच बोलले नाहीत. त्या अकरा महिन्यांचा अनुभव इथे कुणी धरला नाही. पुढच्या कंपनीच्या लेखी मी कधी समुद्रावर गेलोच नव्हतो.

आता सापळा कसा असतो ते सावकाश वाचा, हवं तर दोनदा वाचा.

शिपवर माणसं लावणाऱ्या कंपनीला नौवहन महासंचालनालयाचं, म्हणजे आपण डीजी शिपिंग म्हणतो त्यांचं, आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरती करण्याचं लायसन्स लागतं. लायसन्सवाल्या कंपन्यांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. एजंट म्हणेल, "मी अमक्या कंपनीचाच माणूस." ठीक आहे. त्या कंपनीचं नाव यादीत शोधा, तिथे दिलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. एजंटने दिलेल्या नंबरवर करू नका, तो त्याच्याच भावाचा असतो. हा माणूस तुमचा आहे का आणि ही जागा खरोखर भरायची आहे का, हे दोन्ही विचारा.

नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं नियमात बसत नाही. २००६ चा सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल एवढाच खर्च आपल्या खिशातून जायचा. कोर्सची फी ही वेगळी गोष्ट. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा कोर्स सहा महिन्यांचा, त्याची फी असतेच, पण ती डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या संस्थेच्या खात्यावर भरायची आणि पावती घ्यायची. एजंट काय करतो? कोर्स आणि जॉइनिंग मिळून एकच आकडा सांगतो. मी नेमका तिथेच अडकलो. फी म्हणून काय देतोय आणि लाच म्हणून काय देतोय, हे मला कळलंच नाही. दोन्ही रकमा एका वाक्यात आल्या की उठा आणि घरी या. परदेशी सीडीसी "लवकर मिळतं" म्हणाला, तरी उठा. व्हिजिट व्हिसा म्हणाला, तरी उठा.

याचा अर्थ शिपवर जाऊच नका असा नाही. सरळ रस्त्याने गेलेली कितीतरी पोरं आमच्या गावात आहेत, घरं बांधलीत त्यांनी. वेळ लागला, एवढंच.

नंतरची चौदा वर्षं ट्रॉलरवर, आंब्याच्या पेट्या भरण्यात आणि रिक्षा चालवण्यात गेली. २०२१ मध्ये कळलं की आयटीआयला किमान वय चौदा आहे, वरची मर्यादाच नाही. सदतिसाव्या वर्षी रेफ्रिजरेशन आणि एसीच्या दोन वर्षांच्या ट्रेडला बसलो. वर्गातली पोरं काका म्हणायची, निदेशक माझ्याहून लहान. पहिला महिना खूप जड गेला, मग सवय झाली. तुम्हालाही होईल.

हा ट्रेड किनाऱ्यावर चालतो. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल गंजते, होमस्टे वाढलेत, मासळीला बर्फ लागतोच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बर्फाच्या कारखान्यांत दुरुस्तीचं काम निघतं. पण नुसतं गॅस भरता येणं आता पुरत नाही. इन्व्हर्टर एसीत इलेक्ट्रॉनिक बोर्ड वाचावा लागतो, आणि आर-३२ गॅस थोडा का होईना, पेट घेणारा आहे. नायट्रोजनने गळती तपासणं आणि व्हॅक्यूम घेणं, म्हणजे पाइपमधली हवा काढणं, या दोन पायऱ्या टाळून "पटकन" काम शिकवणाऱ्या उस्तादाकडे राहू नका, मग तो कितीही प्रेमळ असो. माझ्या मते तीन वर्षं फक्त शिडी धरायला लावणारा गुरू हा गुरूच नव्हे. मोबाइलवरचे व्हिडिओ बघा, पण पाइपची जोडणी हातानेच शिकावी लागते.

माझा काका लाकडी होड्या बांधायचा. फायबरच्या आल्या आणि त्याचं काम आटलं. साठीच्या घरातल्या माणसाने नवीन काय शिकायचं, असं त्याला वाटायचं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत होडी बांधणारे आहेत, जाळी विणणारेही आहेत. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. त्यालाही मी अर्ज भरायला नेलं. कोकमाचं आगळ, फणसाची साठं करून विकणाऱ्या बायकांसाठी अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, कमाल दहा लाख. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, म्हणून योजना चालू आहे ना, हे आधी बँकेत जाऊन विचारा. "अनुदान मिळवून देतो" म्हणणाऱ्याला कमिशन देऊ नका. तो त्याच एजंटचा भाऊ.

आयटीआयला प्रवेशाच्या पहिल्या फेरीत नाव लागलं नाही तर रडत बसू नका, पुढच्या फेऱ्या असतात. मात्र कागद तयार हवेत. माझा शाळा सोडल्याचा दाखला आयेच्या ट्रंकेत, कलमांच्या खंडाच्या कागदाखाली सापडला, तोही शेवटच्या दिवशी. तुमचा आजच शोधून ठेवा.