राग आला असताना बोलताय? या चुका टाळा

राग येणं ही चूक नाही. चूक होते ती राग अंगात भिनलेला असताना बोलणं तसंच रेटण्यात.

"आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वाद पेटला की ॲड्रेनॅलिन (ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारं संप्रेरक) वाढतं, छाती धडधडते, श्वास उथळ होतो. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात की, बसल्या जागी नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की समोरच्याचं म्हणणं डोक्यात शिरत नाही. अशा वेळी दहा वाक्यांतला नेमका टोमणा तेवढा लक्षात राहतो. मनगटावर बोटं ठेवून 15 सेकंद ठोके मोजा. 25 च्या वर गेले तर थांबा. शरीर निवायला निदान 20 मिनिटं द्यावी लागतात.

थांबताना होणाऱ्या चुका

काही न सांगता उठून गेलात, की समोरच्याला वाटतं तुम्ही विषय टाळताय. मग तो मागोमाग येतो आणि भांडण दुसऱ्या खोलीत सुरू होतं. म्हणून उठताना वेळ सांगा: "मला आत्ता धड बोलता येत नाहीये. साडेनऊला बसू." आणि साडेनऊला आपणहून विषय काढा. एकदा जरी टाळलंत, तरी पुढच्या वेळी तुमच्या थांबण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

त्या वीस मिनिटांत मनात तेच भांडण घोळवलंत तर थांबून उपयोग शून्य. उशी बडवली की राग निघून जातो, हा समजही चुकीचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅग बडवणारे लोक नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त रागावलेले निघाले. त्यापेक्षा 4 सेकंद श्वास आत, 6 सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं करा. नाहीतर कपड्यांच्या घड्या घाला, भांडी लावा. मन दुसरीकडे गुंतलं पाहिजे.

"तू नेहमीच…", "तू कधीच…"

"तू कधीच वेळ पाळत नाहीस" म्हटलं की समोरचा लगेच वेळ पाळल्याचे दोन दाखले काढतो. तेही खरे असतात! मूळ विषय बाजूलाच राहतो आणि 'कधीच' या शब्दावर वाद रंगतो. त्याऐवजी घडलेलं, वाटलेलं आणि हवं असलेलं, एवढंच बोला: "काल सातला येतो म्हणालास, साडेआठ झाले तरी फोन नाही. मला काळजी वाटली, मग राग आला. उशीर होणार असेल तर एक मेसेज टाक." यात खोडून काढण्यासारखं काही नाही. मात्र "मला वाटतं तू बेजबाबदार आहेस" हा 'मला'च्या आडून केलेला आरोपच आहे.

रागात लिहिलेला मेसेज पाठवू नका. त्यात आवाजाचा सूर नसतो आणि तो पुन:पुन्हा वाचला जातो.

एक मात्र वेगळं ठेवा. धमक्या, मारहाण किंवा वस्तूंची फेकाफेक होत असेल तर ही संवादाची अडचण नव्हे. तिथे वाक्यं सुधारत बसू नका, आधी सुरक्षित जागी जा आणि मदत मागा.

पुन्हा बसल्यावर उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगा आणि विचारा, "असंच म्हणायचंय ना तुला?" तो "हो" म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडू नका.